मंडप गाजला, कामं सुटली

"मॅडम, मी लोकांना फसवतोय का?" बसल्या बसल्या त्याने हेच विचारलं. वय 34, एमबीए, छोट्या कारखान्यांना सल्ला द्यायचा व्यवसाय सुरू करून दोन वर्षं झालेली. स्वतंत्र सल्लागार झालेली कितीतरी मुलं हीच भीती घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून त्याची ओळख पुसून आणि त्याला विचारून हे लिहिते आहे.

त्याने भोसरीत मंडप टाकला होता. सलग 24 तास बसायचं, येईल त्या उद्योजकाची अडचण फुकट ऐकायची आणि सगळं मोबाइलवरून थेट दाखवायचं. गर्दी झाली, चार कामं मिळाली. त्यातली तीन पुढच्या तीन महिन्यांत हातातून सुटली. एका मालकाने त्याला प्रेसजवळ, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राजवळ, उभं करून त्यातल्या साच्याकडे, डायकडे, बोट दाखवत विचारलं, "ही डाय बदलायला किती वेळ लागतो, सांगा बरं?" त्याला सांगता आलं नाही. तेव्हापासून झोप उडालेली, फोन वाजला की पोटात गोळा.

मला त्याचा मंडप चुकीचा वाटला नाही आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. रेमंडचे उद्योगपती विजयपत सिंघानियांनी 26 नोव्हेंबर 2005 रोजी, वयाच्या 67व्या वर्षी, मुंबईहून गरम हवेचा बलून 21 हजार मीटरच्या वर नेला आणि सिन्नर तालुक्यात उतरवला. त्याची खूप चर्चा झाली. पण त्याआधी, 1988 मध्ये, ते एकटे मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान चालवत इंग्लंडहून भारतात आले होते. "तुझा बलून आधी उडाला," मी म्हटलं, "विमान चालवायचं राहून गेलं."

पहिले दोन आठवडे नुसती वही. डावीकडे मालक काय म्हणाला, उजवीकडे याला काय ऐकू आलं. डावीकडे "सध्या नको", उजवीकडे "तू नालायक आहेस". अशी अकरा पानं भरली. ती मोठ्याने वाचताना त्याचा आवाज कापत होता. अकरा पानांत एकाही मालकाने त्याला नालायक म्हटलेलं नव्हतं.

मग त्याला शॉपफ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात थेट यंत्रांपाशी, पाठवलं. ओळखीच्या एका प्रेसशॉपमध्ये आठवड्यातून दोन पाळ्या, दोन महिने. सल्ला द्यायचा नाही, फक्त बघायचं. तिसऱ्या पाळीला त्याने घड्याळ लावलं. डाय बदलायला 1 तास 50 मिनिटं लागली. त्यातली 35 मिनिटं ऑपरेटर पाना आणि बोल्ट शोधत फिरत होता. "साहेब, रोजचंच आहे हे," तो हात पुसत म्हणाला.

हे मला सांगताना त्याचे डोळे चमकत होते. जपानी अभियंता शिगेओ शिंगोंची डाय झटपट बदलण्याची पद्धत त्याला कॉलेजपासून पाठ होती. पण ती जन्मली कुठे? 1950 मध्ये, हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, शिंगो 800 टनी प्रेसशी उभे होते आणि कामगार एका बोल्टसाठी तासाभराहून जास्त वेळ गायब झाला होता. प्रेस बंद असताना करायची कामं वेगळी आणि चालू असतानाच उरकता येणारी वेगळी, हा फरक त्यांना तिथे दिसला. पुढे 1969 मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसवर चार तासांचं काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं. पुस्तकातलं हे सगळं त्याला त्या ऑपरेटरच्या तेलकट हातांत पहिल्यांदा दिसलं.

पान्यांसाठी डायच्या शेजारी फळी बसली, बोल्ट एकाच मापाचे केले. वेळ 50 मिनिटांवर आला. मग त्याने पुन्हा मंडप टाकला, पण त्याच कारखान्याच्या दारात. आजूबाजूच्या मालकांना बोलावलं, घड्याळ समोर ठेवलं आणि डाय ऑपरेटरने बदलली. पाच जणांनी नंबर घेतले, दोघांनी काम दिलं.

गेल्या महिन्यात त्यातलं एक सुटलं. फोनवर आवाज उतरलेला होता, आणि रात्री झोप लागली नाही असंही त्याने सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, ठेवतो. सात वाजता पहिली पाळी आहे, नवीन डाय येणार आहे आज."