कोणी आपल्या ठाम मतालाच आव्हान दिलं, तर मन मोकळं कसं ठेवावं?

मी गोव्यातल्या फोंड्याचा. घरात सगळे विलीनीकरणवादी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायला हवा होता अशा मताचे, त्यामुळे ‘कोकणी ही मराठीची बोली’ हे लहानपणापासून पाठ. मडगावच्या एका सहकाऱ्याने पातळभाजी-पाव खाताना सरळ विचारलं, “कशावरून?” मी तावातावाने बोलायला लागलो. पाव हातातच राहिला. आणि जाणवलं, माझ्याकडे पुरावा असा नाहीच. आहे तो आजोबांचा आवाज.

तेव्हापासून एक गोष्ट कटाक्षाने करतो. समोरच्याचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत त्याला सांगतो आणि तो “हो, हेच म्हणतोय मी” म्हणेपर्यंत माझी बाजू मांडत नाही. कठीण जातं, कान तापतात. पण त्या दिवशी त्यामुळेच कळलं की त्याचा राग मराठीवर नव्हता. आपल्या आईची भाषा कमी लेखली जाते, याचं त्याला दुःख होतं.

मग घरी येऊन वाचत बसलो. साहित्य अकादमीने कोकणीला १९७५ सालीच स्वतंत्र भाषा मानलं होतं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. आमच्याकडे मात्र ‘थोडक्यात हुकलं’ असंच सांगायचे. ३४,०२१ मतांचा फरक कोणी उच्चारत नसे.

बोलीबद्दलचं मत मी सोडलं. गोव्यात मराठीलाही राजभाषेचा दर्जा हवा, हे मात्र अजून मनापासून वाटतं. त्यावर आमचा वाद चालू आहे.