जॅग्वार ई-टाइप विकण्याआधी पुन्हा रंग द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संग्रहातली १९६५ ची ४.२ लिटर ई-टाइप कूपे, पूर्ण रिस्टोअर झालेली, पण काही वर्षं नुसती उभी. विकण्याआधी रंग नव्याने द्यावा का, आणि लिलावात घालावी की थेट विकावी?

रंगाला हात लावू नका. ताजा रंग दिसला की जाणकार गिऱ्हाईक आधी खाली काय झाकलंय ते शोधू लागतं. जाडी मोजायचं यंत्र तो सोबत आणतोच, आणि एखाद्या ठिकाणी आकडा हजार मायक्रॉनच्या पुढे गेला की तिथे पुट्टी आहे हे त्याला कळतं. तेवढे पैसे गाडी चालती करण्यात आणि कागद जुळवण्यात घाला.

सुरुवात नंबरांपासून. इंजिन नंबर ब्लॉकवर उजवीकडे, ऑइल फिल्टरच्या वर आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला असा दोन ठिकाणी ठोकलेला असतो. त्यातला शेवटचा ८ किंवा ९ हा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते. गिअरबॉक्सलाही स्वतःचा नंबर आहे. हे सगळे गाडीवरच्या कंपनीच्या माहितीच्या प्लेटशी आणि जॅग्वारच्या जुन्या नोंदी जपणाऱ्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहा. प्रमाणपत्रात मूळ रंगही येतो, त्यामुळे रंग बदललेला असेल तर जाहिरातीतच लिहा. खरी गोम चासी नंबरात आहे. तो पुढच्या फ्रेमवर असतो आणि ती फ्रेम बोल्टने बसवलेली, म्हणजे रिस्टोरेशनमध्ये बदललेली असू शकते. बदलली असेल तर जुन्या फ्रेमचा नंबराचा तुकडा, फोटो आणि बिल एकत्र ठेवा. हेड दुसऱ्या गाडीचं निघालं तर किंमत थोडी उतरेल, पण तसं सांगून गाडी विकता येते. नंबर नव्याने ठोकलाय असा नुसता संशय आला तरी गिऱ्हाईक परत येत नाही.

रिस्टोरेशनच्या फोटोंत चकचकीत गाडीपेक्षा उघडा पत्रा जास्त बोलतो: सिल्स (दारांखालच्या पेट्या), फ्लोअर, मागच्या सस्पेन्शनचे माउंटिंग पॉइंट. पुढच्या फ्रेमच्या पातळ नळ्या आतून गंजतात आणि वरून रंग शाबूत दिसतो, म्हणून त्यांचे जवळून घेतलेले फोटो हवेतच. बिलं तारखेनुसार लावा. बिलांची बेरीज मात्र किंमत ठरवताना बाजूला ठेवा, रिस्टोरेशनचा खर्च क्वचितच पूर्ण निघतो.

आता गाडी चालू करणं. थेट सेल्फ मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याचा चिकट थर तीन एस-यू कार्ब्युरेटरच्या फ्लोट नीडल (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या सुया) अडकवतो आणि पेट्रोल बाहेर सांडतं. इथेच आग लागते. इथेनॉलने मऊ झालेले रबरी पाइप सगळे बदला. ऑइल आणि फिल्टर नवे घाला, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, हाताने इंजिन दोन फेरे फिरवा, मग प्लगशिवायच सेल्फ मारून ऑइल प्रेशर येतंय का पाहा. गरम इंजिनला ३००० आरपीएमवर ४० पीएसआयच्या आसपास हवं. कॉम्प्रेशन तपासताना आकड्यापेक्षा सहा सिलिंडरांतला फरक बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर तो कागद फाइलला लावा.

उभ्या गाडीत दोन गोष्टी हमखास अडकतात. एक क्लच प्लेट, जी फ्लायव्हीलला चिकटते. सुटली तर ठीक, नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढावे लागतात. दुसरी मागची ब्रेक कॅलिपर. डिस्क डिफरन्शियलला लागून आत बसवलेल्या, त्यामुळे नीट कामासाठी मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणारा अख्खा पिंजरा उतरवावा लागतो. ब्रेक फ्लुइड बदला. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. दहा वर्षांवरचे टायर, नक्षी कितीही खोल असो, टाकून द्या. मागच्या क्रँक सीलमधून थेंब-दोन थेंब ऑइल पडणं या इंजिनाला नवं नाही, ते तसंच लिहा.

लिलाव की थेट? फाइल भक्कम असेल आणि घाई नसेल तर थेट. लिलावात किमान किंमत फार वर धरली आणि गाडी परत आली, तर तो निकाल सगळ्यांना दिसतो आणि पुढचा गिऱ्हाईक तिथूनच घासाघीस करतो. दलालाकडे ठेवणार असाल तर विमा कोणाचा, गाडी कोण चालवणार, तुमच्या हातात किमान किती पडणार आणि मुदत किती, हे चारही लेखी घ्या. तुलनेसाठी जाहिरातीतल्या अपेक्षा नकोत, झालेल्या सौद्यांचे आकडे घ्या, तेही याच मालिकेच्या दोन सीटच्या कूपेचे. १९६६ पासूनची टू-प्लस-टू (मागे दोन छोट्या सीट असलेली) लांब आहे, तिचा भाव वेगळा.

थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ न कापता टाका, सायलेन्सरचा धूर दिसेल असा. मालकीचे मूळ कागद नेटवर नकोत. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून उरलेली ‘वाहतूकदाराला’ द्यायला सांगणारा ठगच असतो. पैसे खात्यात पक्के जमा झाल्याचं बँकेकडून स्वतः कळेपर्यंत गाडी आणि मूळ कागद दोन्ही तुमच्याकडे राहू द्या. जॅक, हत्यारांची पिशवी आणि चाकाच्या नटचा हातोडा आत्ताच शोधून डिकीत ठेवा; मूळचे असतील तर त्यांचीही किंमत येते.