ज्याच्याकडे नोंद त्याची सत्ता?

प्रश्न: माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं पण शेताचा सगळा हिशेब आणि कितीतरी ओव्या तोंडपाठ होत्या. मग लेखन आलं म्हणून मोठी राज्यं उभी राहिली असं का म्हणतात? (वाचक, डिचोली)

उत्तर: तुम्ही आजीचा हिशेब काढलात ते बरं झालं, कारण लेखनाची सुरुवात ओव्यांसाठी नाही, हिशेबासाठीच झाली. इराकमधल्या उरुक शहरात इ.स.पू. 3300 च्या आसपासच्या मातीच्या पाट्या सापडल्यात, ओल्या मातीवर बोरूने काढलेल्या खुणा, आणि बहुतेक पाट्यांवर जव, मेंढ्या, बिअर, कुणाला किती दिलं हेच. त्यातली एक खूण मला फार आवडते, माणसाचं डोकं आणि तोंडाशी वाडगा, म्हणजे खाणं, शिधा. कथा-कविता लिहायला पुढे कित्येक शतकं गेली.

आजी आपल्या शेताचं लक्षात ठेवणार, पण अख्ख्या शहराच्या कोठाराचं कोण ठेवणार? पाटीवर आलं की कोठारावरचा माणूस बदलला, अगदी मेला तरी बाकी तशीच राहते आणि ती वसूल करता येते, खरी ताकद ही. त्यात पाटी वाचणारे मोजकेच, मग बाकीच्यांनी भांडायचं तरी कशाच्या जोरावर.

लिपीच लागते असंही नाही हां, दक्षिण अमेरिकेतल्या इंकांनी किपू म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांवर नोंदी ठेवून केवढं साम्राज्य चालवलं. नोंद हवी, मग ती कशावरही असो.

आपल्याकडे गोव्यात बघा, 1526 मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावकरांचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांचे, हक्क आणि चालीरीती लिहून काढल्या, तोच फोराल नावाचा दस्तऐवज. रूढीने चालायचं ते नव्या राज्यकर्त्याच्या दप्तरात गेलं, म्हणजे रीत गावाची पण कागद सरकारचा.

आमच्या घरी जमिनीचे काही मोडी कागद होते, पेटीत जपून ठेवलेले, पण घरात कुणालाच वाचता यायचे नाहीत. भाऊबंदकीत वाद निघाला तेव्हा मोडी जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे नेले. कागद आमचा, जमीन आमची, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेलो. ते एकेक ओळ बोट ठेवून वाचायचे आणि त्यांनी मान हलवली की आई श्वास सोडायची.