मॉलमधला फर बंद करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई, आम्ही पाच मैत्रिणी, कॉलेजला आहोत. डिसेंबरात इथल्या एका मॉलमध्ये कॉलरला फर लावलेली जॅकेटं दिसली आणि पर्सला लटकवायचे ते मऊ गोंडे पण. सेल्समनला विचारलं तर म्हणे "ओरिजनल आहे मॅडम, हात लावून पहा." मला घरी येऊन रडायलाच आलं. मॅनेजरकडे गेलो तर ते म्हणून राहिले की दुकानं भाड्याने दिली आहेत, माल आमचा नाही. आई म्हणते नागपुरात थंडी असते किती दिवस, सोडून दे. गेटवर बोर्ड घेऊन उभं राहायचं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : रडू आलं ते बरोबरच आहे ग. फरसाठी पाळलेले मिंक, म्हणजे मुंगसासारखे दिसणारे लांबट प्राणी, जन्मभर तारेच्या पिंजऱ्यात असतात, कातडीला डाग लागू नये म्हणून त्यांना गॅसने मारतात, कोल्ह्यांना विजेचा शॉक देतात, आणि हे सगळं कशासाठी तर एका कॉलरसाठी.

पण गेटवर उभं राहायच्या आधी तो फर खरा आहे का ते पक्कं करा, कारण सेल्समन "ओरिजनल" कशालाही म्हणतो आणि तुमची पहिलीच तक्रार खोटी निघाली तर पुढे कोणी दारात उभं करणार नाही. केस बाजूला सारून मुळाशी बघा, खऱ्याखाली कातडी असते, खोट्याखाली विणलेलं कापड. एखादा गोंडा विकत घेतला तर घरी दोन केस जाळून बघा, खरा असेल तर आपले केस जळल्यासारखा वास येतो, खोटा प्लास्टिकसारखा वितळून त्याची गाठ होते. त्या गोंड्यांमध्ये बरेचदा सशाचा फर असतो हे लक्षात ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर जानेवारी 2017 मध्ये भारताने मिंक, कोल्हा आणि चिंचिला (मऊ केसांचा, खारीएवढा प्राणी) यांच्या फरच्या आयातीवर बंदी घातली, म्हणजे कोणी "इम्पोर्टेड मिंक" म्हणून काही दाखवलं तर माल आला कुठून, बिल कुठे, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. आणि वाघ, बिबट्या असलं काही दिसलं तर दुकानात वाद घालत बसू नका, सरळ वनविभागाला 1926 वर फोन करा, त्यांचं मुख्यालय तर आपल्या सिव्हिल लाइन्सलाच आहे.

आता मॅनेजर. माल त्यांचा नाही हे खरं पण गाळ्याचा करार तर त्यांचाच आहे ना! म्हणून "फर बंद करा" असं मोघम नका मागू, करार नवा होताना "खऱ्या प्राण्याचा फर विकणार नाही" एवढी एक ओळ टाका असं लेखी मागा. लंडनच्या सेल्फ्रिजेसने 2005 मध्येच फर विकणं थांबवलं, अमेरिकेच्या मेसीजने 2019 मध्ये तसं जाहीर केलं, ही दोन नावं पत्रात टाका, मॉलवाल्यांना दुसऱ्या मोठ्या दुकानाचं उदाहरण लवकर पटते. आणि डिसेंबरात जाऊन उपयोग नाही कारण थंडीचा माल दिवाळीआधीच भरलेला असतो, ज्याचे पैसे अडकले तो कसा ऐकेल? उन्हाळ्यात जा.

बोर्डाबद्दल माझं मत वेगळं आहे, बोर्डापेक्षा ज्याचं ऐकतात अशा माणसाचा शब्द जास्त कामाला येतो. थंडीत आपल्याकडे तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात बघा, त्यांच्या देशात सणाच्या कपड्यांना वाघ-बिबट्याच्या कातडीचे काठ लावायची पद्धत होती आणि त्या बाजारापायी आपल्या जंगलातले वाघ मरत होते. जानेवारी 2006 मध्ये अमरावतीला, आपली नाही, आंध्रातली, दलाई लामांनी ते सोडा म्हणून सांगितलं आणि तिकडे तिबेटात लोकांनी महागामोलाचे कपडे स्वतःच्या हाताने जाळले. पोलिसांनी सांगून हे झालं नसतं. ज्याचा शब्द मोडवत नाही असा माणूस बोलला म्हणून झालं.

म्हणून तुमच्या पत्रावर कॉलेजच्या दोनशे सह्यांपेक्षा त्या मॉलमध्ये दर महिन्याला खरेदी करणाऱ्या वीस काकूंच्या सह्या घ्या. सुरुवात आईपासूनच करा, तिला तो गोंडा हातात देऊन मुळाशी बघायला सांगा. पत्राच्या दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसकट पोच घ्या, नाहीतर पुढच्या वेळी ते म्हणतील पत्र मिळालंच नाही.