नव्या मशीनची १५वी लेव्हल हरवणारी मुलगी माणसांशी का हरते?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या घरी बुद्धिबळाची दोन मशीन आहेत. एक दिरांचं जुनं, ८ लेव्हलचं. दुसरं यंदा घेतलेलं, ६४ लेव्हलचं. नऊ वर्षांच्या लेकीला जुन्याची तिसरी लेव्हल काही केल्या जिंकता येत नाही, नव्याची पंधरावी मात्र ती रोज हरवते. आणि तालुक्याच्या शालेय स्पर्धेत पाचपैकी चार डाव हरून रडत घरी आली. तर खरी लेव्हल कोणती, आणि तिनं कशावर खेळावं?

मी परभणी जिल्ह्यात सेलूला गेली अकरा वर्षं संध्याकाळी लेकरांना बुद्धिबळ शिकवतो. त्याआधी पंधरा वर्षं मी स्वतः मशीनवरच शिकलो, कारण गावात पारावर खेळणारी वडीलधारी मंडळी देशी पद्धतीनं खेळायची, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर आणि राजाला एकदा घोड्याची उडी. स्पर्धेचे नियम पाळणारा जोडीदार घरात एकच होता, मामांनी १९९१ साली मस्कतहून आणलेलं मशीन. म्हणून या विषयावर मनापासून लिहितोय.

एका मशीनची तिसरी आणि दुसऱ्याची पंधरावी यांचं एकमेकींशी काहीच नातं नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं आकडे लावते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या फिडेलिटी कंपनीनं ‘चेस चॅलेंजर’ बाजारात आणला, तेव्हा त्याला एकच लेव्हल होती. मग तीन लेव्हलचा आला, मग दहाचा, आणि त्यांची नावंच चॅलेंजर ३ आणि चॅलेंजर १० पडली. पुढं कंपन्यांनी हा आकडा वाढवतच नेला, कारण डब्यावर तो छान दिसतो.

जुन्या मशीनमध्ये लेव्हल म्हणजे बहुतेक वेळा नुसता वेळ. पहिलीला चालीमागं दोन-तीन सेकंद, तिसरीला पाच, सहावीला तीन मिनिटं, असं. आतला प्रोग्राम तोच, त्याची समजही तीच, फक्त विचार करायला मुभा जास्त. आता या वेळेतून काय मिळतं ते बघा. डावाच्या मध्यावर एका बाजूला साधारण ३०-३५ चाली शक्य असतात. बिनकामाच्या शक्यता सोडून देऊनसुद्धा आणखी एक चाल पुढं बघायला मशीनला पाच-सहा पट वेळ लागतो. म्हणून ५ सेकंदांचे १० केले तरी फार काही हाती लागत नाही. त्या काळच्या मशीनसाठी ठोकताळा असा होता, की वेळ दुप्पट केला की ताकद ५० ते ७० एलो गुणांनी वाढते (एलो म्हणजे खेळाडूची ताकद मोजायचे गुण, यालाच रेटिंग म्हणतात). ६० गुणांचा फरक म्हणजे दहा डावांत साधारण सहा विरुद्ध चार. तुमची लेक एखाद्या दिवशी नीट झोपली नसेल, तर तेवढा फरक तिच्याच खेळात पडतो. २०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडू दहात साडेसातच्या आसपास गुण घेतो, ४०० असेल तर नऊ. लेव्हलमधला फरक माणसाला जाणवायला एवढं अंतर लागतं.

नव्या मशीनचं गणित वेगळं आहे. त्यांचा प्रोसेसर इतका वेगवान असतो, की एका सेकंदातही ते नऊ वर्षांच्या मुलीला सहज मात देईल. मग खालच्या लेव्हल सोप्या कशा करायच्या? त्याला मुद्दाम चुकायला लावतात. दहा चाली झकास खेळायच्या आणि अकराव्या चालीला वजीर फुकट द्यायचा. पंधराव्या लेव्हलला तुमची लेक रोज जिंकते ती अशी. मशीन कधी ना कधी काहीतरी देणार हे तिच्या ध्यानात आलंय, आणि ती त्याची वाट बघत बसते. पण तालुक्याला समोर बसलेलं लेकरू वजीर असा वाटेवर ठेवून जात नाही. ते दोन चालींनंतरचा घोड्याचा दुहेरी मारा विसरतं, प्यादं घाईनं पुढं ढकलतं, राजाला मध्येच उभा ठेवतं. हे हेरायची सवय त्या मशीननं तिला लावलीच नाही.

जुनं मशीन चुकतं तेव्हा त्याच्या चुकीला कारण असतं. मामांच्या मशीनवरचा एक डाव मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी पांढरा होतो, वजिराच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करून राजा सी-१ ला (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी). माझा सी-३ चा घोडा ई-४ ला गेला आणि ए-२ चं प्यादं उघडं पडलं. तिसरी लेव्हल होती. पाच सेकंदांत टीं टीं वाजलं, पटाच्या कडेचे लाल दिवे लागले, आणि त्याचा ई-६ चा उंट येऊन ते प्यादं खाऊन बसला. मी बी-२ चं प्यादं एक घर पुढं सरकवलं. उंटाचा परतीचा रस्ता बंद. मग राजा बी-२ ला, आणि पुढच्या चालीला उंट माझ्या हातात. मोजून बघा, प्यादं खाण्यापासून उंट जाईपर्यंत दोन्ही बाजूंच्या मिळून सहा चाली होतात, आणि पाच सेकंदांत त्या मशीनला चारच दिसायच्या. चौथ्या चालीपर्यंत त्याचा हिशोब सरळ होता, एक प्यादं नफा.

मी तीच मांडणी पुन्हा लावली आणि सहावी लेव्हल ठेवली. दोन चाली जास्त म्हणजे साधारण तीस पट वेळ, पाच सेकंदांचे अडीच-तीन मिनिटं. त्या दिवशी लाईट नव्हती, सेलवर चाललं होतं, मी दिव्यांकडं बघत बसलो. या वेळी त्यानं प्याद्याला हात लावला नाही. लेव्हल म्हणजे काय हे मला त्या दुपारी समजलं.

याला हॅन्स बर्लिनर या संगणकतज्ज्ञानं क्षितिज परिणाम असं नाव दिलंय. क्षितिजापलीकडचं मशीनला दिसत नाही, मग ते नसल्यासारखंच वागतं. माणसाचंही असंच असतं, फक्त आपलं क्षितिज कुठं लांब तर कुठं जवळ असतं. म्हणून पाच सेकंदांवर खेळणारं जुनं मशीन नवशिक्या माणसाच्या जास्त जवळ जातं, असं माझं ठाम मत आहे. प्याद्यांच्या शेवटच्या खेळात तर ही त्याची उघडी जखम आहे. पाच घरं चालून वजीर होणारं प्यादं म्हणजे दोन्ही बाजूंच्या दहाएक चाली, आणि तुमची मुलगी ती घरं बोटावर मोजू शकते. तिला मोहरे अदलाबदल करून डाव तिथपर्यंत न्यायला शिकवा. जुन्याची तिसरी लेव्हल तिला तिथंच हरवता येईल.

दोन गोष्टी मात्र त्या मशीनच्या पुस्तिकेत बघा, पुस्तिका हरवली असेल तर बटणांवरून शोधा. पहिली, सुरुवातीच्या पाठ चाली. लेव्हल कोणतीही असो, पहिल्या सात-आठ चाली मशीन साठवलेल्या यादीतून फटाफट खेळतं आणि त्या पट्टीच्या खेळाडूंच्या असतात. लेकरू घाबरतं. ते तेवढ्यापुरतंच असतं हे तिला सांगून ठेवा. दुसरी, काही मशीन समोरच्याची पाळी चालू असतानाही विचार करत राहतात. तुमची लेक नीट विचार करून तीन मिनिटांनी खेळली, तर पाच सेकंदांच्या लेव्हललाही त्याला तीन मिनिटं मिळालेली असतात! म्हणजे ती जितकी शहाण्यासारखी खेळते तितकी लेव्हल अवघड होते. ही सोय बंद करता येत असेल तर आधी बंद करा.

डब्यावर छापलेलं रेटिंग मनावर घेऊ नका. विकणाऱ्यानं विकण्यासाठी छापलेला आकडा आहे तो. त्यातून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं मार्च २०२४ पासून सगळ्यात खालचं रेटिंगच १००० वरून १४०० केलं. त्यामुळं जुन्या डब्यावरचे १४०० आणि आजच्या स्पर्धेतले १४०० यांची तुलनाच होत नाही.

तुलना करायची तर घरीच करा. एक वही घ्या. जुन्या मशीनची दुसरी लेव्हल, दहा डाव, पाच पांढऱ्यानं आणि पाच काळ्यानं, चाल मागं घ्यायची नाही. जिंकला एक, बरोबरी अर्धा. दहात साडेतीन ते सहा गुण आले तर ती तिची लेव्हल, तिथंच महिना-दोन महिने राहू द्या. सातच्या वर गेली की वरची. आणि प्रत्येक डावाखाली एक ओळ लिहून घ्या: मशीन कुठं चुकलं आणि का चुकलं. ‘उगाच वजीर दिला’ असं तीन-चार वेळा लिहावं लागलं तर ती लेव्हल सोडा, मग ती कितवीही असो. नव्या मशीनचीही हीच परीक्षा घ्या. त्यात कदाचित वरच्या लेव्हलला वेळेवर चालणारा गट वेगळा दिलेला असेल, तो शोधा.

मोबाईल द्यायचा नसेल तर तुमचा निर्णय मला पटतो. पण आठवड्यातून एखादा तास चालत असेल तर ‘माया’ नावाचा प्रोग्राम लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर फुकट आहे. तो माणसांच्या लाखो डावांवरून शिकवलेला आहे आणि माणूस कुठली चाल खेळेल हे ओळखून तीच खेळतो, चुकांसकट. सगळ्यात खालचा साधारण ११०० च्या खेळाडूंवरून बनवलाय, तिला सुरुवातीला जड जाईल. खेळणाऱ्याप्रमाणे आपोआप सोपी-अवघड होणारीही मशीन आता मिळतात, डीजीटी कंपनीचं सेंटॉर तसलंच आहे. एकट्या माणसाला करमणुकीला उत्तम, पण तिची प्रगती मोजायला मी ते वापरणार नाही, कारण फूटपट्टीच लांब-आखूड होत राहते.

दिरांचं मशीन विकू नका. उन्हाळ्यात अडॅप्टरवर ठेवू नका, लाईट जाऊन-येऊन आमच्या एका मशीनचं सर्किट जळालं. सेल घाला, आणि महिनाभर खेळणार नसाल तर काढून ठेवा, नाहीतर गळतात. दहा डाव झाले की वहीतल्या त्या ओळी इथंच टाका, मी एकेक डाव बघून सांगतो.