फ्लूनं अ‍ॅडमिट केलेल्यांपैकी कोणाची तब्येत जास्त बिघडते? वडील 58 चे आहेत, शुगर आहे, पण तसे धडधाकट आहेत.

तुमचा तो 'धडधाकट' शब्द वाचला म्हणून लिहायले. माझा दादा 43 चा होता आणि गावात त्याच्याएवढा धडधाकट गडी नव्हता.

आमचं माहेर गंगाखेडकडं. दादाची कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही, वजन 120 च्या वर, वर शुगर, गोळी आठवली तर घ्यायची. ऐन सोयाबीनच्या राशीत ताप आला. मी परभणीहून फोनवर सांगायले, मोठ्या दवाखान्यात न्या, तर आमचे नाना म्हणले, "पैलवानाला फ्लू काय करतोय, दोन सलाईन लावा, उठतंय." तीन दिवस गावातच सलाईन अन् अँटिबायोटिक. फ्लू व्हायरसचा, त्याला अँटिबायोटिक काय करणार? त्याच्यावरची गोळी ओसेल्टामिविर, पहिल्या 48 तासात सगळ्यात चांगली लागू पडते, ते 48 तास आम्ही बाजेवर घालवले. चौथ्या दिवशी ताप उतरला, सगळे म्हणले सुटला, अन् पाचव्या दिवशी परत चढला, धाप लागली, बोलता येईना. फ्लूवर न्यूमोनिया बसला होता. नांदेडला नेलं तेव्हा ऑक्सिजन 82, नऊ दिवस आयसीयूत होता. वाचला.

तिथल्या डॉक्टरांनी आधी वजन विचारलं, मग शुगर. 2009 च्या स्वाइन फ्लूत लठ्ठ माणसं लई सिरियस झाली होती, तरणी असून. आपल्याकडं मात्र अंगानं भरलेला म्हणजे ताकदीचा.

बाकी 65 च्या पुढचे, दमा, हार्ट, किडनीवाले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, आणि गरोदर बाया. पोटुशीला गोळी नको म्हणून ताप अंगावर काढायला लावतात, ते तर साफ चूक आहे.

तुमचे वडील अ‍ॅडमिट आहेत तर ओसेल्टामिविर चालू केली का विचारा, दोन दिवस उलटले असले तरी अ‍ॅडमिट पेशंटला देतात. तापात शुगर वाढते, ती रोज बघायला सांगा. शुगरवाला प्रत्येकजण सिरियस होतो असं नाही बरं का, अन् मी डॉक्टर नाही.

नाना अजून लग्नाकार्यात म्हणतात, नांदेडला उगं पैसा घातला. ते स्वतः 71 चे, हार्टची गोळी चालू. दादा दरवर्षी फ्लूची लस घेतो, नानांना यंदा मीच घेऊन जाणार आहे, भांडून का होईना.

वडिलांचा ऑक्सिजन किती आहे ते लिहा.