इकत, कलमकारी, खण एकाच हॉलमध्ये: गिचमिड का होते?

प्रश्न थोडक्यात असा: १० बाय १६ फुटांचा हॉल, बदामी सोफा, पांढऱ्या-निळ्या इकतचे (धागे आधी रंगवून विणलेल्या कापडाचे) पडदे, कलमकारीच्या (कलमाने किंवा ठशांनी नक्षी काढलेल्या कापडाच्या) पाच उश्या, खाली शंकरपाळ्यांच्या नक्षीची सतरंजी. प्रत्येक वस्तू सुटी छान, पण एकत्र आल्या की हातमागाच्या प्रदर्शनातला स्टॉल वाटतो. त्यात आता खणाच्या, म्हणजे पारंपरिक चोळीच्या कापडाच्या, उश्या घ्यायच्यात. मग काढायचं काय?

डिझाइनं जास्त झाली म्हणून हे होत नाही. दोन गोष्टी चुकल्यात. इकतचा शंकरपाळा साधारण पाच इंचांचा, कलमकारीचं फूल चार-पाच इंचांचं आणि सतरंजीची नक्षीही तेवढीच. तिन्ही सारख्याच जोरात बोलतात, त्यामुळे नजर कुठे थांबत नाही. आकारात निदान तिप्पट फरक ठेवा: एक मोठी नक्षी (आठ-दहा इंच), एक मधली (तीन इंचांच्या आसपास), एक बारीक (इंचाच्या आतली). बारीक बुट्टी आठ-दहा फुटांवरून जवळपास साध्या कापडासारखी दिसते, फक्त पोत जाणवतो. म्हणून ती कितीही वापरली तरी चालते.

दुसरी चूक कापडाच्या जमिनीची, म्हणजे नक्षीमागच्या रंगाची. लोक निळ्याशी निळा जुळवत बसतात आणि पांढरा बघतच नाहीत. पारंपरिक कलमकारीत कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे जमीन पिवळसर सायीच्या रंगाची होते. तुमच्या इकतची जमीन शुभ्र आहे. दोन्ही शेजारी आली की कलमकारी मळकी वाटते, धुऊन उपयोग नाही. पडदे चहाच्या पाण्यात बुडवून पिवळसर करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एवढ्या लांब कापडावर रंग एकसारखा चढत नाही, डाग राहतात.

पडदे महाग, उश्या स्वस्त. म्हणून पडदे राहू द्या आणि कलमकारी बेडरूममध्ये न्या. सोफ्यावर दोन साध्या गडद निळ्या उश्या (१८ इंची), दोन बारीक नक्षीच्या अजरखच्या, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाच्या (१६ इंची) आणि खणाची एकच, लांबट, १२ बाय १८ ची. अजरखची जमीन निळी किंवा लाल असते, त्यामुळे पांढऱ्याचं भांडणच मिटतं. सतरंजी बदलणार असाल तर रुंद पट्ट्यांची घ्या. पट्टे कुठल्याही नक्षीशी जमवून घेतात. फक्त पाव इंची काळे-पांढरे पट्टे नकोत, डोळ्यांसमोर लहरी येतात. माप असं हवं की सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर यावेत. मोझॅकची किंवा जुनी नक्षीदार फरशी असेल तर तीही एक नक्षी म्हणून धरा आणि सतरंजी साधीच घ्या.

आता खण. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा असो की दुसरा, कापडाला चकाकी असते आणि उभ्या-आडव्या धाग्यांवर उजेड वेगळा पडतो. एक तुकडा उभा आणि दुसरा आडवा कापला तर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. शिंप्याला सगळे तुकडे एकाच दिशेने कापायला सांगा. पन्हा (कापडाची रुंदी) लहान असतो, तेव्हा काठ कुठे येणार ते आधीच ठरवा. लांबट उशीला दोन्ही टोकांना आला तर उत्तम, मधोमध आला तर ब्लाउजपीस वाचवल्यासारखं वाटतं. कापड टाक्याशी विसविसतं, म्हणून शिलाईला पाऊण इंच सोडायचं, आतून सुती अस्तर आणि कडेला ओव्हरलॉक. सोफ्याच्या बैठकीवर खण चढवू नका, महिन्या-दोन महिन्यांत धागे निघतील.

पडदे कधी नव्याने शिवाल तेव्हा नक्षीचं कापड मोजताना दुकानदारावर सोडू नका. रॉड ६ फूट, म्हणजे ७२ इंच. चुण्या नीट पडायला दुप्पट, म्हणजे १४४. पन्हा ४८ इंच असेल तर तीन लांब्या (वरपासून खालपर्यंतचे तुकडे) लागतात, दीड-दीड पन्ह्याचे दोन पडदे. रॉडपासून जमिनीपर्यंत ८४ इंच, त्यात दुमडीचे १२ मिळवले की ९६. साध्या कापडाला ९६ गुणिले ३, म्हणजे २८८ इंच, सुमारे ७.३ मीटर. पण नक्षी दर १८ इंचांनी परत येत असेल तर प्रत्येक लांबी १८ च्या पटीत, म्हणजे १०८ धरावी लागते. एकूण ३२४ इंच, सव्वाआठ मीटर. हा मीटरभर फरक विसरला की एका पडद्यावरचं फूल दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली लटकतं. अर्धा पन्हा भिंतीच्या बाजूला ठेवा, जोड चुणीत लपतो. हातमागाच्या इकतची नक्षी जोडावर तंतोतंत जुळत नाही, कारण धागे आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. सूतभर फरक असणारच, त्यासाठी शिंप्याशी वाद नको.

कापण्याआधी सुती कापड एकदा धुऊन वाळवा, नाहीतर शिवलेला पडदा पहिल्या धुण्यात आखडून इंच-दोन इंच वर जातो. अजरख ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग लागला तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात. मिठाने रंग पक्का होतो हा समज आहे, तयार कापडावर त्याचा उपयोग होत नाही.

घेण्याआधी सगळ्यांचे वीतभर तुकडे आणा, सोफ्यावर टाका आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. त्यात सगळे तुकडे सारखेच करडे दिसले तर रंग वेगळे असूनही काही उठून दिसणार नाही. एखादा ठळक गडद किंवा फिका हवाच. हे दिवसा एकदा आणि रात्री हॉलच्या दिव्यात एकदा करा. पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली जुळलेला लाल रंग पिवळ्या दिव्यात विटकरी दिसू शकतो, आणि पाहुणे बहुतेक संध्याकाळीच येतात.